सूजच आहे, मामा

देवगाव रंगारी
९ सप्टेंबर २०२५

चि. प्रांजली,

मामाचा आशीर्वाद. फोन असताना कागद कामून, असं म्हणशील. फोन तुझ्या आईच्या, बानाच्या उशाशी असतो, आन् तो मोठ्या आवाजावर ठेवल्याशिवाय तिला ऐकू येत नाय. तू तिकडं खोकलीस तरी इथं अख्ख्या वस्तीला कळतं. मला जे लिहायचंय ते बानाच्या कानावर जायला नको. मोतीराम रोज दुधाची गाडी घेऊन शहरात येतो, त्याच्या हाती देतोय. त्याला वाचता येतं आन् सवय बी हाय, म्हणून पाकीट चांगलं चिकटवलंय.

तू राखीला येऊन गेलीस तव्हा तुझी आई बरी होती. पोळ्यापासून बिघडली. उजव्या हातातून भाकर पडते. चालताना एका अंगाला कलते. आन् शब्द सापडत नाय तिला. काल मला म्हणाली, "दादा, ते दे, ते, ज्यात असतं ते." घागर पाहिजे होती. मी घागर दिली तर ती धरून रडत बसली. तुझी मामी म्हणती थकवा हाय. थकवा मला मालूम हाय, हा थकवा नाय.

मेंढी अशी एका अंगानं फिरायला लागली की तिच्या डोक्यात पाण्याची गाठ झालेली असती, ते तू धनगराची पोर हायेस, तुला सांगायला नको. त्यातली दहात एखादी वाचते.

मागल्या साली तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं, मग तीस दिवस त्या मशीनचा शेक झाला. तव्हा म्हणाले होते की आता फिकीर नाय. आता हे काय हाय? तू मेडिकलच्या काउंटरला बसतेस, डॉक्टरांची तुझी वळख हाय. विचार आन् जे असंल ते सरळ लिही. सातवी शिकलोय, समजतं मला.

तुझा
बिरूमामा


छत्रपती संभाजीनगर
१८ सप्टेंबर २०२५

मामा, पाया पडते.

सोमवारी तुम्ही आईला तपासणीला आणलंत आणि मेंढरं एकटी आहेत म्हणून रिपोर्टची वाट न बघता परतही गेलात. आज रिपोर्ट मिळाला. मेंदूच्या डॉक्टर अमृता मॅडमनी मला समोर बसवून सगळे फोटो दाखवले.

गाठ परत आलेली नाही. ही सूज आहे.

मला समजलं तसं सांगते. मागच्या वर्षी गाठीच्या जागेला शेक दिला, तेव्हा शेजारचा थोडा चांगला भागही भाजला गेला. ते लगेच दिसत नाही, वर्ष-दीड वर्षानं कधी कधी असं डोकं वर काढतं. मेलेल्या जागेभोवती शरीर घाईघाईनं बारीक रक्तवाहिन्या काढतं. त्या कच्च्या असतात, पाझरतात, आणि ते पाणी मेंदूत मुरतं. कवटीत जागा कुठली? मग हात दबतो, बोलणं दबतं.

सुजेच्या गोळ्या सोबत पाठवतेय, रोज जेवल्यावर द्या. पण त्या जास्त दिवस चालत नाहीत, साखर वाढते. म्हणून सलाईनमधून एक औषध द्यायचं ठरलंय. ते सगळ्या अंगाला झोडपत नाही. नव्या रक्तवाहिन्या काढायचा सांगावा देणारा एक पदार्थ असतो, नेमका त्यालाच जाऊन धरतं. वाहिन्या आटतात, पाझर थांबतो. तीन तीन आठवड्यांनी चार वेळा. पहिलं सोमवारी, २९ तारखेला. उशीर जितका होईल तितकं दबलेलं परत येणं अवघड आहे, असं मॅडम दोनदा म्हणाल्या.

आईला सांगा की साधी सूज आहे, घाबरू नको.

प्रांजली


देवगाव रंगारी
२० सप्टेंबर

चि. प्रांजली,

सूज म्हणतेस. बरं.

मागल्या साली बी तू असंच म्हणाली होतीस. साधी गाठ हाय मामा, काढली की झालं. मी साऱ्या भावकीत तेच सांगत फिरलो. मग ऑपरेशनचे कागद तुझ्या थैलीत इथंच राहिले आन् फुलंब्रीच्या राजकुमार कंपाउंडरनं ते वाचून दाखवले. त्याला काय ठाऊक, कोणाला काय सांगितलंय. त्यानं कॅन्सर म्हणलं तव्हा बाना माझ्या शेजारीच बसलेली होती. तिनं उठून शेळीला पाला टाकला.

तुझ्यावर राग नाय. लेकरू आईसाठी खोटं बोललं, त्यात काय एवढं. मी बी बोललो असतो. पण आता तू साधी म्हणलं की आम्हाला समजायचं ते समजतं. अक्षर बी तुझं तसंच हाय, लई शांत.

२९ ला आणतो. तोवर आमचं आम्ही बघतो.

बिरूमामा


छत्रपती संभाजीनगर
२४ सप्टेंबर

मामा, पाया पडते.

तुमचं पत्र काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला भलत्याच गोळ्या काढून दिल्या. तो भला माणूस, परत घेऊन आला.

आईनं ऐकलं होतं, हे मला आज दीड वर्षानं कळतंय. इतके दिवस मी तिच्यासमोर साधी गाठ, साधी गाठ म्हणत राहिले आणि ती "व्हय बाई, व्हय" म्हणत राहिली. मला वाटायचं मी तिला सांभाळतेय.

मी खोटं बोलले, मामा. तिला जगायची उमेद राहावी म्हणून बोलले. पण आता खरं सांगतेय. रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवतेय. राजकुमार कंपाउंडरकडंच न्या, माझ्याकडून वाचून घेऊ नका. त्याला म्हणावं, शेवटच्या चार ओळी मोठ्यानं वाच.

माझ्या बापाच्या माघारी तुम्हीच आहात. सूजच आहे, मामा. आणि तिच्यावर इलाज आहे. असं मला मागच्या वर्षी म्हणता आलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. दवाखान्यातून फोन आला होता, आईच्या अंगावर कुठं जखम आहे का? कापलेलं, भाजलेलं, दात काढलेला, काहीही. असेल तर औषध देता येत नाही. तिला काही नाही ना? तेवढं उलटटपाली कळवा.

प्रांजली


देवगाव रंगारी
२६ सप्टेंबर

चि. प्रांजली,

झेरॉक्स पोचली. राजकुमारकडं जायला फुरसत मिळाली नाय. पावसानं यंदा वीट आणलाय, मेंढरांचे खूर सडायला लागलेत. दिवसभर त्यांचे पाय धुण्यात जातो. मामी म्हणती, माझे कधी धुतले का? तिला म्हणलं, तुला चार असते तर धुतले असते.

बानाची तब्येत तशीच हाय. गोळ्यांनी भूक लागती, दोन भाकरी खाते. गार वारं लागतं म्हणून डोक्याला रुमाल बांधते. सोमवारी पहिल्या गाडीनं निघतो.

जखम बिखम काही नाय.

बिरूमामा


छत्रपती संभाजीनगर
३० सप्टेंबर

मामा,

काल तुम्ही आईला दवाखान्याच्या दारात माझ्या हवाली केलंत आणि चहाला थांबा म्हणलं तरी थांबला नाहीत. का थांबला नाहीत ते मला अर्ध्या तासात कळलं.

नर्सनं रुमाल सोडला. मानेवर दोन आणि टाळूवर एक, तापलेल्या विळ्याचे डाग. टाळूवरचा डाग मागच्या ऑपरेशनच्या शिवणीला लागून आहे आणि त्यात पू झालाय. नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. सलाईन लटकवून तयार होतं, ते काढून नेलं.

अमृता मॅडम रागावल्यासुद्धा नाहीत, त्यांनी फक्त खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं. जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. हे औषध त्याच होऊ देत नाही. आता दिलं तर डाग भरायचे नाहीत, शिवण उसवू शकते, रक्त वाहू शकतं. जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचं. चार आठवडे, कदाचित जास्त. तोवर गोळ्यांवर सूज रोखायची. आणि गोळ्यांनीही जखम लवकर भरत नाही, साखर आधीच अडीचशेच्या पुढं गेलीय. दोन्हीकडून कोंडी आहे. आईला भरती केलंय.

मी विचारलं होतं तुम्हाला. भाजलेलं असं लिहून विचारलं होतं. तुम्ही लिहिलंत, जखम बिखम काही नाय. आणि वर मामीच्या पायांची थट्टा.

मेंढरासारखी धरून भाजलीत तिला. बहीण आहे ती तुमची. तिचं काही बरंवाईट झालं तर मी तुम्हाला मामा म्हणणार नाही. येऊ नका इकडं.

प्रांजली


देवगाव रंगारी
४ ऑक्टोबर

प्रांजली,

डाग मी दिला. या हातानं. अमावस्येच्या दिवशी सकाळी, लिंबाखाली बसवून. विळा मीच तापवला आन् तिची मान मीच धरली. मामीला कोंबड्यांचं निमित्त करून लांब लावून दिलं होतं. तिचा यात काही दोष नाय, तिला बोलू नको.

तुला वाटत असंल की मामा अडाणी. अडाणी तर हायेच. पण मी काय समजून केलं ते ऐक. तू सूज म्हणलीस, मी गाठ ऐकली. मला वाटलं पोरीला डॉक्टरांनी हात टेकल्याचं सांगितलंय आन् ती आमच्यापाशी लपवतेय. मग आपल्या हातात काय राहिलं? माझ्या बापानं चक्कर लागलेल्या मेंढीला टाळूवर डाग दिलेला मी बघितलाय, आन् ती उठून चरायला गेलेली बी बघितलीय. न उठलेल्या किती, ते आम्ही कधी मोजलं नाय. माणसाला बी देत आलो. कावीळ, आकडी, पोटदुखी. तीस वर्षं लोक माझ्या दाराशी येतात. तुमचे डॉक्टर आतून भाजतात, मी बाहेरून भाजतो, असं मनात आलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तसंच आलं.

तू जखमेचं विचारलंस तव्हा डाग देऊन चार दिवस झाले होते. खरं लिहिलं तर औषध चुकंल, असं वाटलं. सोमवारपर्यंत भरंल, रुमालाखाली कोण बघतंय, असं बी वाटलं. खोटं बोललो. माझं खोटं तुझ्या खोट्यापेक्षा मोठं हाय, हे कबूल करतो.

काल फुलंब्रीकडून एक बाई आकडीचं लेकरू घेऊन आली होती. तिला दूध पाजलं आन् मोतीरामच्या गाडीत बसवून शहराच्या दवाखान्यात लावून दिलं. ती म्हणाली, लोक तर तुमचं नाव घेतात. मी म्हणलं, घेऊ नका.

येऊ नको म्हणलीस, येत नाय. पण रोज मोतीरामकडं एक कागद दे. नुसतं हाय एवढं लिहिलं तरी चालंल.

बिरू


छत्रपती संभाजीनगर
२१ ऑक्टोबर

मामा,

सतरा दिवस मोतीराम रोज विचारत होता आणि मी त्याला रिकाम्या हातानं पाठवत होते. आज लिहितेय.

मानेचे डाग भरले. टाळूवरचा अजून ओला आहे. सूज थांबलेली नाही. आईचा उजवा हात आता उचलत नाही. उजव्या बाजूचं दिसत नाही तिला, ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते आणि म्हणते, वाढलीच नाही. म्हणते म्हणजे बोटानं दाखवते. शब्द गेले सगळे. दोनच राहिलेत, "पाणी" आणि "दादा".

पाणी मी देते. दुसरं माझ्या हातात नाही. या.

प्रांजली


मुक्काम बिडकीन
१६ डिसेंबर

चि. प्रांजली,

गावाखाली तात्यासाहेब म्हणून एक शेतकरी हायेत, त्यांच्या मळ्यात खताला मेंढरं बसवलीत. इथून तुमचं शहर जवळ हाय, पण मेंढरं सोडून निघता येत नाय.

दिवाळीत दहा दिवस तुझ्याजवळ राहिलो. त्या दहा दिवसांत तू मला एक वाईट शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं. बाना माझा हात धरून झोपायची आन् मला वाटायचं, हाच हात.

टाळूचा डाग भरल्यावर औषध सुरू झालं, काल तिसरं झालं असंल. हाताची बोटं हलतात, दहा-वीस शब्द बोलते, असं तू फोनवर म्हणालीस. आता तपासणी परत हाय म्हणे. काय निघालं ते विचारायला मला तोंड नाय, तरी विचारतोय. या वेळी जे निघंल ते निघंल, पण खरं कळव. चांगलं करून सांगू नको.

मामा


छत्रपती संभाजीनगर
२३ डिसेंबर २०२५

मामा, पाया पडते.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. आधी माझ्या चुकीची.

आई आता बोलते. हळू, मध्ये थांबून, पण बोलते. परवा मी तिचं डोकं पुसत होते. टाळूवरची जागा आता कोरडी, गुळगुळीत झालीय. माझ्या तोंडून निघून गेलं, मामानं असं करायला नको होतं. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "दादानं नाय. मी."

तिला ते सांगायला पाऊण तास लागला. मी मध्ये शब्द पुरवले नाहीत, तिचे तिला शोधू दिले. अठरा तारखेचं माझं पत्र तुम्ही तिला वाचून दाखवलंत. साधी सूज हे शब्द ऐकले आणि तिनं मनाशी ठरवलं, झालं आपलं. परत दवाखाना नको, परत पोरीची फरफट नको. तिनंच तुम्हाला डाग मागितला. तुम्ही तीन वेळा नाही म्हणालात. मग ती म्हणाली, तू नाय दिलास तर मी स्वतः चुलीतली सळई लावून घेते. वर देवाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, प्रांजलीला कळता कामा नये म्हणून. पोर स्वतःला बोल लावून घेईल, असं तिला वाटलं.

आणि माझं ते रागाचं पत्र तुम्ही मुकाट गिळलंत. मेंढरासारखी धरून भाजलीत, असं मी लिहिलं आणि तुम्ही उलट लिहिलंत, डाग मी दिला, या हातानं. सगळं स्वतःवर घेतलंत. आता मी माफी कुठल्या तोंडानं मागू? तरी मागते. मी पहिल्यांदा खोटं बोलले नसते तर ती सूज ऐकून सूजच समजली असती. औषध सप्टेंबरातच मिळालं असतं. हे मी कुणाला ऐकवायला लिहीत नाही, झालं तसं लिहितेय.

आता तपासणीचं. तुम्ही खरं मागितलंत.

सूज बरीच उतरलीय. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले, सप्टेंबरात मेंदूचा डावा भाग जिथं पांढराफटक होता तिथं आता घड्या दिसतात. औषधानं काम केलं. चौथं ५ जानेवारीला आहे. हात निम्मा येईल, शब्द आणखी येतील. उजवीकडची नजर गेली ती येणार नाही. फार दिवस दबून राहिली, मॅडम म्हणाल्या.

आणि भाजलेल्या जागेच्या कडेला तांदळाएवढा एक ठिपका आहे. तो जुन्या शेकाचाच आहे की गाठ परत उगवतेय, हे आज कुणालाच सांगता येत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा. वाढला तर गाठ.

मी खोलीत गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. विचारलं, "काय म्हणाले?" माझ्या जिभेवर आलं होतं, मामा. सगळं छान आहे आई, असं अगदी ओठापर्यंत आलं होतं. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. उतरलेली सूज सांगितली, न येणारी नजर सांगितली आणि ठिपकाही सांगितला. तांदळाएवढा, म्हणून बोटावर दाखवला. मला रडू आलं, तिला नाही आलं. ती म्हणाली, "आज... खरं सांगितलंस." आणि आडवी झाली. महिनाभर तिला गोळ्यांशिवाय झोप नव्हती, काल दुपारी ती तीन तास घोरत होती.

उठल्यावर म्हणाली, दोन महिने इथं भिंतीकडं बघत बसणार नाही, दादाकडं ने. मॅडमनी चौथ्या औषधापर्यंत परवानगी दिलीय. धुळीची काळजी घ्या, गोळ्या वेळेवर, आणि ताप आला तर लगेच परत. तिला तुम्हाला एक निरोप द्यायचाय, तो तिनं तीनदा घोकून माझ्याकडून लिहून घेतला: पोरीला सगळं सांगितलंय, आता तू भंडाऱ्याच्या शपथेतून मोकळा.

शुक्रवारी सकाळच्या बिडकीनच्या गाडीनं मी तिला घेऊन येतेय. तुम्ही थांब्यावर या. तिला उजवीकडचं दिसत नाही, तेव्हा उतरल्यावर तुम्ही डाव्या बाजूनं पुढं या. नाहीतर तुम्ही शेजारी उभे असाल आणि ती तुम्हाला शोधत राहील.

तुमची
प्रांजली